शिंपल्याला भोक पाडलं कोणी? समुद्रातल्या शिकारी गोगलगायींची नातीगोती

पावसाळा संपला, लोक परत कोकणात जायला लागले की आमच्याकडे शंखशिंपल्यांचे फोटो यायला सुरुवात होते, आणि या वेळी तर इतके आलेत की हा सगळा अंक त्यांनाच द्यायचं ठरवलं. प्रश्न वेगवेगळे आहेत पण फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, यातलं कोण कोणाचं नातेवाईक?

प्रश्न: दापोलीजवळच्या मुरुडच्या पुळणीवर माझ्या मुलीने पिशवीभर शिंपले गोळा केले. घरी येऊन धुतले तर त्यातल्या सात-आठ शिंपल्यांना अगदी गोल भोक, आणि तेही जवळजवळ एकाच जागी, बिजागरीच्या जवळ. सासूबाई म्हणतात कोणीतरी माळ करायला पाडली असतील. मला पटत नाहीये. फोटो पाठवतेय. (एक वाचक, ठाणे)

तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. ही भोकं माणसाने पाडलेली नाहीत, तो खुनाचा पुरावा आहे. आतल्या तिसरीला कोणीतरी भोक पाडून खाल्लंय आणि रिकामा शिंपला लाटेबरोबर तुमच्या मुलीच्या हातात आलाय.

आता एक करा. मुलीला डोळे मिटायला सांगा आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवायला सांगा. कड तिरकी लागतेय ना? बाहेर रुंद, आत अरुंद, एखाद्या छोट्या वाटीसारखी? स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून सुतार भोक वरून पसरट करतो ना, अगदी तसं. तुमच्या फोटोतल्या सगळ्या भोकांना अशीच कड दिसतेय, म्हणजे हे काम मून स्नेलचं. गोल गुळगुळीत चकचकीत शंख असतो बघा, चंद्रासारखा, पुळणीवर भरपूर सापडतो आणि इतका निरुपद्रवी दिसतो की याने कोणाला मारलं असेल असं वाटतच नाही. ही बाई वाळूच्या आत राहते, तिचा पाय म्हणजे शंखाच्या मानाने प्रचंड मोठा, त्या पायात ती तिसरीला गुंडाळते, खाली ओढून नेते आणि मग निवांत भोक पाडायला बसते. सोंडेच्या टोकाखाली तिला एक ग्रंथी असते, त्यातून आम्लासारखा पाझर येतो, तो शिंपल्याला लावून ठेवायचा, जागा मऊ झाली की दातांच्या पट्टीने खरवडायचं, परत पाझर, परत खरवड. असं तासन्तास चालतं, शिंपला जाड असला तर दिवसही लागतात. भोक आरपार झालं की सोंड आत घालून मांस खायचं. जागा एकच का, तर शिंपला पायात धरायची तिची एक ठरलेली रीत असते, त्यामुळे भोकही पुन्हा पुन्हा साधारण तिथेच पडतं.

तुमच्या फोटोत उजवीकडून दुसरा जो शिंपला आहे ना, त्याला भोक अर्धंच आहे. तो टाकू नका प्लीज! भिंगाखाली धरलात तर त्या अर्धवट खळग्याच्या मधोमध एक बारीकसा उंचवटा दिसेल, मून स्नेलच्या अर्ध्या सोडलेल्या कामाची ती सहीच. ती तिसरी त्या वेळी तरी वाचली होती.

आणि पुळणीवर तुम्हाला कधी वाळूची बनवल्यासारखी, फुटक्या मडक्याच्या काठासारखी गोल पट्टी दिसली असेल, ओली असताना रबरासारखी लवचिक आणि वाळली की हातात चुरा होणारी. पुष्कळ लोक तिला प्लास्टिकचा कचरा समजून लाथाडतात. ती मून स्नेलची अंडी आहेत, चिकट स्राव आणि वाळू मिसळून त्यात बसवलेली. ओली दिसली तर हात न लावता तिथेच राहू द्या.

प्रश्न: आमच्या घरामागे खडप (समुद्राकाठचा खडकाळ भाग) आहे. तिथल्या कालवांना आणि शिंपल्यांना पण भोकं असतात पण ती सरळ खाली जाणारी, गिरमिटाने पाडल्यासारखी असतात. तेही मून स्नेलच का? की तिची बहीण? (एक वाचक, रत्नागिरी तालुका)

तुमचं निरीक्षण वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण या विषयाचा गाभाच तुम्ही बोटाने दाखवलात.

नाही, ते मून स्नेल नाही. सरळ भिंतींचं भोक म्युरेक्सच्या कुळातल्या गोगलगायींचं असतं, खडपावर कालवं, शिणाणे आणि दगडाला चिकटलेले बार्नॅकल खाणाऱ्या, खडबडीत, गाठीगाठींच्या शंखाच्या. पद्धत तीच, पाझर लावायचा आणि खरवडायचं. पण पाझर सोडणारी ग्रंथी इथे सोंडेवर नाही, पायाच्या तळव्यात आहे! म्हणजे एकदा पाय पुढे सरकवून ग्रंथी लावायची, मग पाय मागे घेऊन दातांनी घासायचं, परत पाय पुढे. अमेरिकेत मेल्बर्न कॅरिकर नावाच्या शास्त्रज्ञाने कालवं फस्त करणाऱ्या अशाच एका गोगलगायीवर कित्येक दशकं काम केलं, तेव्हा कुठे हे नीट कळलं.

आता विचार करा, काम एक, हत्यार ठेवायची जागा मात्र वेगळी. एका घराण्यात बापजाद्यांपासून आलेली वस्तू असती तर ती एकाच जागी असती. इथे दोन घराण्यांनी आपापल्या घरी, एकमेकांना न विचारता, गिरमिट बनवलंय. म्हणून त्या बहिणी नाहीत, लांबच्या चुलत म्हणा फार तर. म्युरेक्सचं कूळ निओगॅस्ट्रोपॉडा नावाच्या मोठ्या शिकारी घराण्यातलं आणि मून स्नेल त्या घराण्याच्या बाहेरची.

इथे एका माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. गेराट व्हर्मे, जन्म नेदरलँड्सचा, काम कॅलिफोर्नियात, आणि लहानपणीच दृष्टी गेलेली. हा माणूस शंख बोटांनी वाचतो. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं की डायनोसॉरांच्या काळात समुद्रात भोकं पाडणारे, कवच फोडणारे शिकारी वाढत गेले आणि त्याला तोंड देताना शंखशिंपल्यांची कवचं जाड, काटेरी, अरुंद तोंडाची होत गेली. तुम्ही बोट फिरवून दोन भोकांमधला फरक ओळखलात ना, ते तसंच वाचणं आहे.

प्रश्न: शंखांचा आकार, रंग, नक्षी यावरून नातं ओळखता येत नसेल तर मग ओळखायचं कशावरून? आणि आपला पूजेचा शंख या सगळ्यात कुठे बसतो? (एक वाचक, पुणे)

आकारावर फार विश्वास ठेवू नका, आकार राहणीमानाप्रमाणे बदलतो. पॅसिफिकमधला एक शंख हुबेहूब कोन स्नेलसारखा, म्हणजे शंकूच्या आकाराच्या विषारी गोगलगायीसारखा दिसतो, तसाच निमुळता, तसाच रंगीत, आणि प्रत्यक्षात तो शेवाळ खाणारा स्ट्रॉम्बसच्या कुळातला. जिवंत असताना देठावरचे मोठे डोळे दिसले की कळतं, रिकामा शंख हातात आला तर चांगले चांगले फसतात.

त्यामानाने दात जास्त खरं बोलतात. गोगलगायीच्या तोंडात दातांची एक पट्टी असते, रॅड्युला म्हणतात तिला, कानशीसारखी. शेवाळ खाणाऱ्यांच्या पट्टीत एकेका ओळीत पुष्कळ दात असतात, खरवडून खायचं असतं ना. निओगॅस्ट्रोपॉडा घराण्यात मात्र दात कमी होत गेलेत, म्युरेक्सच्या ओळीत तीन, आणि कोन स्नेलच्या घराण्यात तर गोष्ट इतकी पुढे गेलीय की दात एकेकटा, पोकळ, इंजेक्शनच्या सुईसारखा, एकदा वापरायचा आणि टाकून द्यायचा. दातांवरून गोगलगायींची कुळं लावायचं मोठं काम १९व्या शतकात जर्मनीच्या ट्रोशेल यांनी केलं. याच ट्रोशेलनी १८५४ साली कळवलं होतं की टन शेल नावाच्या मोठ्या गोगलगायीच्या लाळेत सल्फ्युरिक आम्ल असतं, लाळ दगडावर पडली आणि फेस आला! हे टन शेलवाले निओगॅस्ट्रोपॉडाचे अगदी शेजारी, आणि शेजारी म्हणायचं की घरातलेच यावर शास्त्रज्ञांमध्ये बराच वाद झालाय.

वाद का होतो तेही सांगते. दातांनंतर आता जनुकं वाचतात, पण या घराण्यातल्या मोठ्या फांद्या क्रिटेशस काळात, म्हणजे डायनोसॉर असतानाच, भराभर एकापाठोपाठ फुटल्या. मध्ये वेळच गेला नाही, त्यामुळे कोणती फांदी आधी आणि कोणती नंतर याच्या खुणा जनुकांत फार थोड्या उरल्या. एखाद्या वाड्यात पाच भावांनी एकाच वर्षी वाटण्या करून घेतल्या आणि कागद हरवले तर दोनशे वर्षांनी आधी कोण बाहेर पडला हे कसं सांगणार, तसं. म्हणून आता एका जनुकावर न थांबता शेकडो जनुकं एकदम ताडून बघतात.

या कामात जुनी घरं मोडलीसुद्धा. टरिड नावाचं एक प्रचंड कूळ होतं, लांबट शंख आणि ओठाला खाच दिसली की टाक त्यात, असं कित्येक वर्षं चाललं होतं. २०११ मध्ये फ्रेंच आणि रशियन शास्त्रज्ञांनी जनुकं आणि दात दोन्ही बघून ते फोडलं, आणि कोन, ऑगर (त्यांचे लांबट टोकदार नातेवाईक) आणि हे टरिडवाले मिळून जे विषारी घराणं होतं त्याची एकदम पंधरा कुळं झाली. कोन स्नेलचं उलटं झालं. त्यांना काही जण पुष्कळ वंशांत (कुळाखालच्या गटांत) वाटत होते, २०१५ मध्ये त्यातल्या जवळपास सगळ्या जाती परत एकाच कोनस वंशात आणल्या आणि बाजूला फक्त तीन लहान वंश ठेवले. मला स्वतःला हे पटतं, नावं कमी असली की नातं लक्षात राहतं.

आता पूजेचा शंख. आरतीला आपण फुंकतो, विठोबाच्या हातात असतो, तो शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. मन्नारच्या आखातात तुतुकुडीकडे पाणबुडे पिढ्यानपिढ्या तो काढत आलेत, बंगालमधल्या सुवासिनींच्या शाखा बांगड्या त्याच्याच. आणि तोसुद्धा निओगॅस्ट्रोपॉडाच, वाळूतले किडे शोधून खाणारा शिकारी. म्हणजे देवघरातला शंख, खडपावरची गिरमिटवाली आणि विषाची सुई मारणारा कोन स्नेल एकाच मोठ्या घराण्यातले. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरातला शंख हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले होते. याच घराण्यात रक्त पिणारेही आहेत बरं का, कॅलिफोर्नियाच्या समुद्रात एक गोगलगाय वाळूत पडलेल्या इलेक्ट्रिक रे माशाचं रक्त शोषते, १९८७ मध्ये हे छापून आलं, आणि प्रवाळाजवळ झोपलेल्या पोपटमाशाला सोंड लावणारं एक कूळ वेगळंच आहे.

प्रश्न: ऑनलाइन दक्षिणावर्ती शंख घेतला, बरेच पैसे गेले. आता एक नातेवाईक म्हणतात हा आपल्याकडचा नाहीच. कसं ओळखायचं? (एक वाचक, नागपूर)

शंखाच्या तोंडात, मधल्या खांबावर बघा. टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात, बोटाला स्पष्ट लागतात. तुमच्या फोटोत खांब गुळगुळीत दिसतोय. मग हा बहुतेक लायटनिंग व्हेल्क आहे, अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा आणि मेक्सिकोच्या आखातातला, टेक्सासचा तर राज्य-शंखच तो. त्याच्या जातीत बहुतेक सगळेच डावीकडे वळलेले असतात, म्हणजे तिथे ती दुर्मिळ गोष्ट नाही. आपल्या टर्बिनेलात मात्र उलटं वळण फार म्हणजे फारच क्वचित निघतं. (शास्त्रज्ञ ज्याला डावा म्हणतात त्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो कारण ते शेंडा वर धरून बघतात आणि आपण शेंडा खाली धरतो, यात कोणाचंच चुकत नाही.) व्हेल्कही निओगॅस्ट्रोपॉडाच आहे, शिंपले उघडून खाणारा, पण कूळ निराळं. पैसे परत मागा, आणि शंख कुठून आला ते विक्रेत्याला लेखी विचारा.

प्रश्न: बीएस्सीला झूऑलॉजी आहे. कोन स्नेलच्या काही जाती किडे खातात, काही गोगलगायी, काही मासे. यातलं आधी कोणतं? आणि गोगलगायीला मासे खायचं सुचलं कसं? कोनच्या विषापासून औषध बनलंय का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

आधी किडे. गांडुळाचे समुद्रातले जे भाऊबंद असतात ते. आजही कोनच्या बहुतेक जाती किडेच खातात, आणि वंशवृक्षात बघितलं तर मूळ सवय तीच दिसते. कोनचे जीवाश्म सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात, त्यानंतर जाती इतक्या वाढल्या की आज नऊशेच्या वर आहेत. कोन मासा मारतो यावर लोकांचा विश्वासच बसत नव्हता, १९५६ मध्ये शास्त्रज्ञ ॲलन कोन (आडनाव योगायोगाने जुळलंय) यांनी हवाईच्या जातीवरून ते छापलं.

सुचलं कसं, हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर शिकारीत नाही, जीव वाचवण्यात आहे. किडे खाणाऱ्या कोनला मासे त्रास देतात. त्याच्या विषात किड्यांसाठीचा माल वेगळा आणि माशाला हुसकावायचा वेगळा. कोनस टेसुलॅटस ही किडेखाऊ जात, पण २०१५ मध्ये तिच्यात एक असं विष सापडलं की जे मासेखाऊ जातींच्या विषाशी जुळतं आणि माशाला टोचलं तर तो आखडतो. म्हणजे ढाल म्हणून घरात ठेवलेली वस्तू पुढे कोणीतरी तलवार म्हणून वापरली. त्याच्या आदल्या वर्षी कोनस जिओग्राफस या मासेखाऊ जातीवर काम झालं होतं, त्यात दिसलं की विषाच्या नळीच्या एका टोकाकडे शिकारीचं विष बनतं आणि दुसऱ्या टोकाकडे बचावाचं, आणि कोणी डिवचलं की बचावाचं बाहेर येतं. माणसं दगावतात ती याच विषाने. कोनमुळे झालेल्या मृत्यूची नोंद निसर्ग-अभ्यासक रुम्फियस यांच्या १७०५ च्या ग्रंथातही आहे, आणि यावर उतारा आजही नाही.

विष इतक्या झटपट कसं बदलतं? जनुकाची जास्तीची प्रत निघते, मूळ प्रत आपलं जुनं काम करत राहते आणि जादा प्रत बदलायला मोकळी, १९९९ मध्ये ड्यूडा आणि पालुम्बी या शास्त्रज्ञांनी कोनमध्ये हे दाखवलं. जिओग्राफसचं तर बघा, प्रत्येक गोगलगायीच्या अंगात इन्सुलिनसारखं काहीतरी असतंच, याने त्याची एक प्रत विषात घातली आणि ती बदलत बदलत माशाच्या इन्सुलिनसारखी झाली. पाण्यात सोडलं की माशाची साखर उतरते आणि तो सुस्त होतो. किडे खाणाऱ्या जातींच्या विषात हे माशाचं इन्सुलिन नाही. भक्ष्य बदललं की विष बदलतं याचा याहून चांगला पुरावा मी तरी वाचलेला नाही.

परीक्षेसाठी एवढं पुरे, पण ऑगर शंखांबद्दल जरूर वाच. ते कोनचे नातेवाईक, पण त्यातल्या कित्येकांनी विषाची नळी आणि सुई पार सोडून दिलीय, आणि तीही एकदाच नाही तर वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळ्या वेळी. म्हणजे घराण्यात हत्यार होतं म्हणून वारसाकडे असेलच असं धरून चालायचं नाही. आणि औषधाबद्दल विचारलंयस म्हणून, हो, कोनस मॅगस या मासेखाऊ जातीच्या विषावरून झायकोनोटाइड बनलं, २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, कशानेच न थांबणाऱ्या वेदनेवर पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडतात. ते फिलिपिन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांच्या प्रयोगशाळेतून निघालं. आपल्या किनाऱ्यावरच्या कोनवरही बंगळुरूमध्ये चांगलं काम झालंय, पुढे करायचं असेल तर ते पेपर शोध.

प्रश्न: गोगलगाय एवढी हळू असते तर ती पळणाऱ्या माशाला कशी पकडते? (इयत्ता पाचवी, अलिबाग)

बाळा, ती त्याच्या मागे धावतच नाही. ती वाळूत लपून बसते, फक्त श्वासाची नळी वर ठेवते आणि पाण्याचा वास घेते. मासा झोपलेला किंवा जवळ आलेला कळला की लांब, मऊ सोंड हळूच, अगदी हळूच बाहेर काढते. सोंडेच्या टोकात एकच दात धरलेला असतो, पोकळ, आणि टोकाला गळासारखा काटा. माशाला सोंड लागली की दात सुटतो, विष आत जातं आणि मासा डोळ्याची पापणी लवायच्या आत ताठ होतो. मग ती तोंड पिशवीसारखं मोठं करते आणि अख्खा मासा गिळते. जिओग्राफस तर दात मारायच्या आधीच तोंड जाळ्यासारखं पसरून माशाला आत घेतो.

पुळणीवर शंकूसारखा, रंगीत नक्षीचा जिवंत शंख दिसला तर हातात घ्यायचा नाही, खिशात तर मुळीच नाही, कारण ती सोंड शंखाच्या कुठल्याही बाजूला वळू शकते. लक्षद्वीपला नाहीतर अंदमानला गेलात तर आईबाबांनाही सांग. बघायचं असेल तर लांब बस आणि वाट बघ. काही तासांनी ती गोगलगाय तोंडातून खवले, काटे आणि वापरून झालेले दात बाहेर टाकते, आणि तोवर सोंडेत पुढचा दात बसवायची तिची तयारीही झालेली असते.